गजेंद्र मंडपवाल्याची खात्री

दोन डबे एकाच दुकानातून, एकाच मापाचे घेऊ नयेत, हे अलकनंदाकाकू आपल्या नवऱ्याला तो सिंचन खात्यात होता तेव्हापासून सांगत आल्या होत्या. गुणाकरराव खात्यातून निवृत्त झाले, पण ही गोष्ट काही त्यांनी मनावर घेतली नाही. शेवटी डिसेंबरातल्या एका शुक्रवारी, ऊन उतरायच्या सुमाराला, त्यांनी ओट्यावरचा नको तो डबा उचलला, चपला पायात सरकवल्या आणि शेजारच्या गोदाबाईंच्या परलोकाची पार वाट लावून आले.

घरी येऊन ते जेवायला बसले. पहिला घास घेतला आणि चेहरा पाडून म्हणाले, "अगं, यात झिंगे कुठे आहेत?"

"ती साधी वांगी आहेत," काकू म्हणाल्या. "झिंग्याची दुसऱ्या डब्यात."

मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग दोघांनीही मधल्या भिंतीकडे.

आता झिंगे घातलेली वांगी ही आपल्या बालाघाटातल्या मराठी घरांत काही गुन्ह्याची गोष्ट नव्हे. लांजीच्या बाजारातून सुके झिंगे आणायचे, तव्यावर खरपूस भाजायचे आणि वांग्यात सोडायचे. गल्लीच्या तोंडाशी वास पोचला की लोक आपणहून तब्येत विचारायला येतात. पण गोदाबाई पडल्या शनिवार पाळणाऱ्या ख्रिस्ती, म्हणजे ॲडव्हेंटिस्ट. शुक्रवारचा सूर्य बुडाला की शनिवारचा बुडेपर्यंत त्यांच्या घरी चूल नाही, बाजार नाही, कामधंदा नाही. त्याला त्या शब्बाथ म्हणत. चहा कधीच नाही. अंगावर दागिना नाही. आणि पाण्यातल्या प्राण्यांत ज्याला पर आणि खवले दोन्ही असतील तेवढाच खायचा. झिंग्याजवळ दोन्ही नाहीत. ऐंशीला टेकलेल्या गोदाबाईंना ओट्याशी उभं राहवत नव्हतं आणि सून नूतन लेकीच्या बाळंतपणाला गोंदियाला गेलेली, म्हणून शब्बाथच्या आधीचं जेवण काकूंकडून जाई. काकू ते वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या चमच्यानं करीत. एवढी काळजी घेऊन डबा मात्र नवऱ्याच्या हातात देत, हीच काय ती त्यांची चूक.

गुणाकरराव हात न धुता धावले. गोदाबाई खाटेवर बसून वाटी बोटानं पुसून चाटत होत्या.

"गुणाकरभाऊ," त्या खुशीत म्हणाल्या, "आज काकूचा हात मस्त लागला जी. अजून हाय का वाटीभर?"

इथे कुठलाही शहाणा माणूस "संपली" म्हणून घरी आला असता. पण कालव्याला पाणी कधी येणार हे उभी नोकरी शेतकऱ्यांना खोटं सांगत आलेल्या माणसाला नेमकी त्या संध्याकाळी खरं बोलायची हुक्की आली.

"मावशी, घात झाला. डबा बदलला. त्यात झिंगे होते."

गोदाबाईंनी वाटीकडे पाहिलं. मग दोन बोटं घशात घातली. उमासे आले, डोळ्यांतून पाणी आलं, झिंगे काही आले नाहीत. ते जिथे जायचे तिथे समाधानानं जाऊन बसले होते.

"सूर्य बुडाला का?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

गुणाकररावांनी दारातून डोकावून पाहिलं. "बुडतोय."

"मंग शब्बाथ लागला. असल्या तोंडानं लागला." आणि त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

गुणाकरराव पडवीत गजेंद्रची वाट पाहत बसले. गजेंद्र म्हणजे गोदाबाईंचा एकुलता एक मुलगा. पंचावन्नचा, खांद्यानं रुंद, आवाजानं त्याहून रुंद. अख्ख्या गावात मंडपवाला म्हणून ओळखीचा. लग्न असो, तेरवी असो, नेत्याची सभा असो, बांबू गजेंद्रचे, पडदे गजेंद्रचे, आणि खुर्च्या कमी पडल्या तर शिव्याही गजेंद्रला. पण पंचेचाळिशीपर्यंत हा माणूस शनिवारचं लग्न घेत नसे. वरात दारात आणि मंडपवाला घरी प्रार्थनेला, असे प्रकार झालेले. मग दहा वर्षांपूर्वी त्याचा बाप महागू वारला आणि गजेंद्रनं शनिवारच्या चर्चची मंडळी सोडली. सोडली ती कशी, तर दफनभूमीतून परत येताना बसस्टँडवर उतरला आणि आयुष्यातला पहिला चहा प्याला. तेव्हापासून तो चहा पितो ते कुणावर तरी सूड उगवल्यासारखा. एकेका टपरीवर दोन-दोन कप, आणि कप ठेवताना असा आपटतो की चहावाला महेंद्र त्याला आता काचेच्या ग्लासात देतच नाही.

बांबू लादलेला टेम्पो गल्लीत शिरला. गुणाकरराव उठून उभे राहिले. सगळं ऐकून गजेंद्र आपल्याला धरून आपटणार, अशी त्यांनी मनाची तयारी ठेवली होती. गजेंद्रनं वाटी उचलली आणि हुंगली.

"लांजीचे हाय का जी, काकाजी?"

"हो."

"घरी उरले?"

"गजेंद्र, अरे तुझी आई तिकडे…"

"माहीत हाय मले माय काय करून राह्यली असंल ते." त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. आंबलेल्या अन्नाचं झाकण उघडल्यावर माणूस जसं तोंड करतो, तसं तोंड करून तो आत गेला.

"माय, ऊठ. खाल्लं तं खाल्लं. तुले माहीत होतं का डब्यात काय हाय?"

"नव्हतं."

"मंग?"

गोदाबाई भिंतीशीच बोलल्या. "पण चव लागली ना बाबू. माझ्या मायच्या हातची चव लागली, हट्टा गावच्या घरची. मी अजून मागतली. म्हणजे एवढे वर्षं देवाचं नाव घेऊन मन तिथंच हाय माझं, झिंग्यात. खाल्लं त्याचं नाही काही. गोड लागलं त्याचं हाय."

गजेंद्र बाहेर आला आणि अंगणात थुंकला.

"ऐकलं, काकाजी? गोड लागलं त्याचं हाय. देवानं जीभ देल्ली, झिंगे देल्ले, आन् बुढीनं ऐंशीव्या वर्षी एक वाटी चाटली तं देव वरून नाक दाबून पाहून राह्यला. किळस येते मले. झिंग्याची नाही. ह्या असल्या देवाची."

त्या संध्याकाळी गोदाबाई जेवल्या नाहीत; सकाळी उठून पाणीही नको म्हणाल्या. आता हे नुसतं मनाला लागण्यापुरतं राहिलं नव्हतं. त्यांना शुगर होती, गोळी उपाशीपोटी देता येत नव्हती, आणि डॉक्टरीणबाई वैदेहीनं फोनवर सांगितलं की आज संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर उचलून दवाखान्यात आणा. गोदाबाईंचं एकच म्हणणं: मंडळीच्या एल्डरला बोलवा, मला नदीवर न्या, पुन्हा बाप्तिस्मा द्या, त्याशिवाय तोंडात काही घालणार नाही. मध्येच मेले तर अशीच जाईन. अशीच म्हणजे कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. पण पांघरूण त्यांनी डोक्यावरून ओढून घेतलं.

गुणाकररावांना घरात बसवेना. अपराध त्यांचा होता आणि उपाशी म्हातारी होती. ते मागच्या गोदामात गेले. शनिवारची दोन लग्नं होती. गजेंद्र पडद्यांच्या घड्या मोजून टेम्पोत टाकत होता. खरं तर आपटत होता.

"गजेंद्र, मला एक सांग. माणूस इतकी वर्षं सगळं नीट पाळतो, आणि एका वाटीनं सगळं जातं? मग त्या इतक्या वर्षांचं काय?"

"तेच तं!" गजेंद्रनं पडदा फेकला. "माझ्या बापालेही मी हेच विचारलं होतं. बसा, सांगतो."

गुणाकरराव गादीच्या गठ्ठ्यावर बसले. वर्षानुवर्षं शेजार, पण हे बोलणं कधी झालेलं नव्हतं. मंडळी का सोडलीस असं विचारलं की गजेंद्र "चहा प्यावा वाटला" म्हणून विषय संपवीत असे.

"बाप माझा लांजीकडचा. खाणीत लागला आन् दारूत बुडाला. मायले मारे. मंग कोणीतरी त्याले शास्त्राचे, म्हणजे बायबलचे धडे देल्ले, टपालानं घरपोच येत होते. त्यानं वाचले, आन् एक दिवस दारू सोडली, बिडी सोडली. हे खरं हाय काकाजी, मी खोटं नाही बोलणार. त्या लोकांत चांगले लोक होते, अजूनही हायत. शेजारच्या अनुसयाबाईनं मायले महिनाभर भात शिजवून घातला तवा. तेवढ्यावर थांबले असते तं मी आजही तिथंच बसलो असतो."

"मग?"

"मंग पाळणं सुरू झालं. मायच्या गळ्यातलं काढलं. चहा गेला. मांगूर मासा गेला, त्याले खवले नाहीत ना. चालते-नाही-चालतेची माळ वाढतच गेली. मी मॅट्रिकले होतो तवा बोर्डाचा गणिताचा पेपर आला शनिवारी. बापानं जाऊ नाही देल्लं. मी घरी बसून भजन म्हणून राह्यलो आन् बाहेरून पोरं पेपर देऊन येऊन राह्यले. झालो मंडपवाला."

"अरेरे."

"त्याचं दुःख नाही जी. बांबूनं मले पोसलं." त्यानं दोरीचं वेटोळं उचललं, पुन्हा ठेवलं. "मले सांगाचं हाय ते येगळंच. बाप मरायले टेकला तवा मी म्हटलं, या माणसानं एक शनिवार नाही चुकवला, हा तं हसत जाईन. कायचं हसत! डोळे फाडून छताकडे पाहे. आमचे लोक सांगत, वर स्वर्गात वह्या उघडल्या हायत, एकेकाचं नाव घेऊन तपासणी चालू हाय. माफी मागायची एखादी गोष्ट राहून गेली तं नाव कटते. तं एल्डर येऊन बसे उशाशी आन् म्हणे, महागूभाऊ, आठवा, काही राह्यलं का? बाप आठवे. फाटक्या खिशात चिल्लर शोधावं तसं. एक दिवस म्हणाला, 'एका शनिवारी मी पैसे देऊन सुई-औषध इकत आणलं होतं. शब्बाथ मोडला.' मी म्हटलं, कोणासाठी आणलं होतं? तं म्हणाला, 'तुझ्यासाठी. तू लहानसा होता, ताप डोक्यात चढला होता.'"

गुणाकरराव गठ्ठ्याच्या कडेला सरकले.

"समजलं का जी? ज्या दिवशी त्यानं मले वाचवलं, तो दिवस त्यानं पापात टाकला. आन् त्याची माफी मागत मागत मेला, माझ्यासमोर. एल्डरनं मान हलवली, म्हणाला, बरं झालं आठवलं." गजेंद्रनं तोंड पुसलं. "त्या दिवशी माझ्या पोटातून जे वर आलं ना, ते अजून खाली गेलं नाही. लोकांले वाटते मी देव सोडला. देव नाही सोडला. त्या दिवसानंतर मी शास्त्र पहिल्यांदा बिना भीतीनं वाचलं, तं त्यात येगळीच गोष्ट निघाली. तारण, म्हणजे तुमचा मोक्ष म्हणा, तो फुकट हाय. प्रभूनं जीव देऊन इकत घेतला आन् आपल्याले देल्ला. आपण फक्त विश्वास ठेवून हात पसरायचा. आन् ह्यांनी त्या फुकटच्या गोष्टीले रोजची मजुरी लावली."

गुणाकररावांना एकदम आपली आई आठवली. सोवळ्यात असताना नातवाचा हात लागला म्हणून कडाक्याच्या थंडीत पुन्हा न्हाणारी. पण हा विचार त्यांनी बोलून दाखवला नाही. गजेंद्रच्या घरातला कचरा निघत असताना आपल्या घरातला काढायचं काही कारण नव्हतं.

दुपारी एल्डर आले. एल्डर म्हणजे मंडळीतले वडीलधारे. पाळक, म्हणजे पास्टर, महिन्या-दोन महिन्यांनी कधी बाहेरून येणार, बाकी दिवस कारभार यांचा. वीरेंद्रभाऊ नाव, पांढरा सदरा, गळ्याशी टाय, हातात घरून आणलेली पाण्याची बाटली. पंचाहत्तरीचा माणूस, पण केस एकही इकडचा तिकडे नाही. गोदाबाई त्यांना पाहून उठून बसायला धडपडल्या. गुणाकरराव कोपऱ्यातल्या स्टुलावर गुन्हेगारासारखे बसले होते. गजेंद्र दाराच्या चौकटीला टेकून उभा.

वीरेंद्रभाऊंनी आधी प्रार्थना केली. ती गोड होती, आवाज उत्तम होता. मग खुर्ची पुढे ओढली.

"भगिनी, किती खाल्लं?"

"वाटीभर."

"मोठी वाटी की लहान?"

गुणाकररावांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण गोदाबाईंनी वाटी दाखवली आणि वीरेंद्रभाऊंनी ती पाहून मान डोलावली. गुणाकररावांनी उभ्या जन्मात पुष्कळ पंचनामे पाहिले होते, फुटलेल्या पाटांचे, चोरलेल्या पाण्याच्या मोटारींचे. पण वांग्याच्या वाटीचा पंचनामा ते पहिल्यांदाच पाहत होते.

"आणि कळल्यावर लगेच थांबलात ना?"

"कळाच्या आधी…" गोदाबाईंनी पदराला बोटं पुसली. "कळाच्या आधी मी अजून मागतली जी."

वीरेंद्रभाऊंनी जीभ टाळूला लावून आवाज काढला. "पाहा. शैतान पहिल्या वाटीत नसतोच. तो दुसऱ्या वाटीत असतो."

काल गजेंद्र अंगणात थुंकला तेव्हा गुणाकररावांना ते जरा जास्तच वाटलं होतं. आता त्यांच्याही तोंडात कडू पाणी सुटलं. समोर उपाशी म्हातारी, तिच्या ओठांना कोरड पडलेली. आणि हा स्वच्छ केसांचा माणूस तिच्या जिभेचा माग काढत बसलेला. तिला पाण्याचा घोट घ्या असं एकदाही म्हणाला नव्हता. स्वतः मात्र बाटलीतून घेतला.

"पाळक पुढच्या शब्बाथला येऊन राहिले आहेत," वीरेंद्रभाऊ म्हणाले. "तुमची एवढी इच्छा आहे तर वैनगंगेवर पुन्हा बाप्तिस्मा घेऊ. तोवर उपास-प्रार्थना चालू ठेवा."

"अहो, तोवर?" गुणाकरराव स्टुलावरून उठलेच. "त्यांना शुगर आहे! आणि डिसेंबरात नदीत बुडवणार? छातीत कफ आहे त्यांच्या!"

"विश्वासाला थंडी वाजत नाही, साहेब."

"विश्वासाले नाही वाजत," दारातून गजेंद्र म्हणाला, "मायले वाजते. तुमच्या पाळकाले हे सांगितलं ना, तं तोच तुमाले येड्यात काढन."

"गजेंद्र, तुम्ही बाहेर पडलेले आहात. तुम्ही यात बोलू नये."

"नाही बोलत. फक्त एक विचारतो." तो आत आला आणि खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर मांडी घालून बसला. खालून वर पाहत, अगदी साध्या आवाजात त्यानं विचारलं, "एल्डरसाहेब, आज तुमचा प्राण गेला, तं तुमी वाचले का?"

"म्हणजे?"

"म्हणजे तारण झालं का तुमचं? पक्कं?"

"असं बोलता येत नाही."

"काहून?"

"तो गर्व होतो. आपण चालत राहायचं, पाळत राहायचं, शेवटपर्यंत टिकायचं…"

"हौ का नाही?"

"आशा आहे."

"मी आशा नाही विचारली जी. आजवर सगळं पाळलं तुमी. चहा नाही, झिंगे नाही, सिनेमा नाही. एवढं करून हौ म्हणता येत नाही तुमाले?"

वीरेंद्रभाऊंनी बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. गुणाकररावांनी पाहिलं, आणि त्यांना त्याच क्षणी त्या माणसाचा राग करणं थोडं अवघड झालं. कारण त्या टापटीप चेहऱ्यामागे तेच होतं, जे काल सूर्य बुडताना गोदाबाईंच्या चेहऱ्यावर आलं होतं. वीरेंद्रभाऊही भ्यालेलेच होते. फक्त टाय लावून.

"कोणालाच तसं म्हणता येत नाही," ते हळू म्हणाले.

खाटेवर हालचाल झाली. गोदाबाई भिंतीला टेकून ताठ बसल्या होत्या.

"तुमाले बी माहीत नाही?"

"भगिनी, माझं म्हणणं असं की…"

"मंग माझ्या नवऱ्याच्या उशाशी बसून तुमी काय सांगत होते जी? आठवा, अजून आठवा, म्हणून? तो माणूस माझ्या हाताले धरून रडून राह्यला होता. मले वाटे, याईले माहीत असंल रस्ता, म्हणून सांगून राह्यले. तुमाले माहीतच नव्हतं?"

वीरेंद्रभाऊंनी बाटली खुर्चीखाली ठेवली. गोदाबाईंनी मुलाकडे मान वळवली.

"आन् तू रे? तू तं चहा पितं. शनिवारी मंडप लावतं. तू वाचला का?"

"हौ," गजेंद्र म्हणाला.

"कायच्या जोरावर?"

"माझ्या जोरावर नाही माय. माझा जोर तुले माहीत हाय. त्याच्या जोरावर."

"एवढं सोपं?"

गजेंद्रला शास्त्रातली भाषा येत होती. लहानपणापासून कानीकपाळी पडलेली. पण ती त्यानं वापरली नाही. "माय, मी एवढे लग्नं पाह्यले. घरधनी सोताच्या खर्चानं पंगत मांडते, दारात उभा राहून हात धरून म्हणते, या, बसा. आन् एखादा पाहुणा मंडपाच्या तोंडाशी उभा राहून सोताचेच हात हुंगत बसते. वास तं नाही येत? मी बसाच्या लायक हाय का? उद्या येऊ का आंघोळ करून? तिकडं भात थंडा होऊन राह्यला. पहिले मले त्या पाहुण्याची कीव ये. आता मले घरधन्याची येते. त्याची केवढी बेइज्जती करून राह्यलो आपण, आन् त्याले भक्ती म्हणून राह्यलो."

बाहेर टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. शनिवारच्या लग्नाचे बांबू वाट पाहत होते.

गोदाबाईंनी आपल्या उघड्या मनगटांवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "वीरेंद्रभाऊ, मी पहिल्यांदा नदीत उतरली, तवा तुमी काठावर होते. आठवते?"

"आठवतं. तुम्ही आणि महागूभाऊ बरोबरच उतरलात."

"ते पाणी खरं होतं का नाही?"

"खरंच होतं, भगिनी."

"मंग झालं. दुसऱ्यांदा नाही येत मी. पह्यलं खरं असंल तं पुरते, आन् खोटं असंल तं दुसरंही खोटंच."

वीरेंद्रभाऊ उठले. "प्रार्थना करतो," म्हणाले.

"करा. सोतासाठी बी करा जी," गोदाबाई म्हणाल्या, आणि त्यात टोमणा नव्हता, हे गुणाकररावांना त्यांच्या आवाजावरून कळलं. वीरेंद्रभाऊंनाही कळलं असावं. दारात चपला घालताना त्यांना डावी-उजवी सापडेना. गजेंद्रनं खाली वाकून त्या सरळ करून दिल्या, पण चेहरा काही सरळ केला नाही.

एल्डर गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाले आणि गोदाबाई म्हणाल्या, "गुणाकरभाऊ, काकूकडं साधी वांगी उरली का? भूक लागली."

गुणाकरराव धावले. या वेळी काकूंनी डबा उघडून, चमच्यानं ढवळून, चव घेऊन, वर आणखी एकदा नवऱ्याला दाखवून मगच हातात दिला. गजेंद्र गॅस पेटवायला गेला, तर खाटेवरून आवाज आला, "पेटवू नको. सूर्य बुडाचा हाय."

"अवं माय! आताच तं म्हटलं…"

"काय म्हटलं? भीती गेली म्हटलं. शनिवार माझा हाय. उभ्या आयुष्यात मले आरामाचा तेवढाच एक दिवस भेटला, तो काहून सोडू? आन् झिंगे बी नाही खात मी आता, पोटात गॅस धरते त्यानं. दे थंडी भाजी."

गजेंद्रनं कपाळावर हात मारला, पण वाढली. म्हातारी भाकरीबरोबर थंड वांगी खात होती, आणि गुणाकरराव तिच्या प्रत्येक घासाबरोबर आपणच गिळत होते. मग गोळी झाली, पाणी झालं. गोदाबाई आडव्या झाल्या. तोंड भिंतीकडे नव्हतं. थोड्याच वेळात अशा घोरायला लागल्या की वैदेही डॉक्टरला फोनवर वेगळं काही सांगावं लागलं नाही, तिनं ऐकलंच.

गजेंद्रनं टेम्पोवाल्याला बांबू घेऊन पुढे पाठवलं आणि पडवीत येऊन बसला. काकूंनी चहा पाठवला होता. त्यानं तो अर्ध्या घोटात संपवला, पण कप आपटला नाही. आत आई झोपलेली होती.

"तरी मले तिटकारा जात नाही काकाजी," तो म्हणाला. "बुढी वाचली. बाप नाही वाचला ना. म्हणजे वाचला असंल वर. पण इथून गेला तो रडत गेला. ते कोण भरून देईन?"

गुणाकररावांनी बशीतला चहा फुंकला. त्यांच्या मनात मात्र दुपारपासून एक शंका घोळत होती, हिशेबी माणसाची शंका. पंगतीचं बोलणं ऐकून ते भारावले होते, पण सरकारी नोकरीत काढलेला जन्म असा एका दुपारी धुऊन निघत नाही. शेवटी त्यांनी ती विचारलीच.

"गजेंद्र, सगळं पटलं बुवा मला. पण एक सांग. वाचलोच आहोत, काही झालं तरी तो सोडणार नाही, अशी पक्की खात्री एकदा माणसाला दिली, तर तो वाट्टेल तसा नाही का वागणार?"

गजेंद्रनं मधल्या भिंतीकडे पाहिलं. पलीकडे अलकनंदाकाकू डबे घासत होत्या, त्याचा आवाज येत होता.

"काकू तुमाले टाकून जात नाही याची पक्की खात्री हाय तुमाले, म्हणून तुमी कोणाच्याही घरी झोपाले जाऊन राह्यले का जी, काकाजी?"